बेटावर दोघांची सुट्टी: भटकंती आणि आपापलं काम, दोन्ही निवांत कसं जमवायचं

बेटावर सुट्टीला गेलेल्या जोडप्यांचं साधारण दोन प्रकारे बिनसतं. एक तर सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं बुक केलेलं असतं, कयाक, स्नॉर्कलिंग, डोंगर, सनसेटची बोट, आणि परत आल्यावर आराम करायला वेगळी रजा काढावी लागते. नाहीतर एकजण "जरा एवढं लिहून घेतो" म्हणत टेबलाशी बसतो आणि दुसरं माणूस किनाऱ्यावर एकटंच. दोन्ही टाळता येतात. मी लिहिते आणि चित्रं काढते, नवरा फोटो काढतो आणि आवाज रेकॉर्ड करतो, आणि आमच्या दोघांचं आता पक्कं मत झालंय की दिवसाला बाहेरची एकच मोठी गोष्ट ठेवायची आणि कामाची एकच बैठक, बस. आणि त्यांच्या वेळा आपण ठरवायच्या नाहीत, समुद्राला आणि उन्हाला ठरवू द्यायच्या. तसं केलं की निम्मी भांडणं होतच नाहीत, कारण "तुझ्यामुळे उशीर झाला" असं म्हणायला जागाच राहत नाही.

१. निघायच्या आधी दोघांनी बसून बोला

तिकीट काढायच्या आधी एकमेकांना सरळ विचारा की तुला तिथे नक्की काय करायचंय. "थोडं क्रिएटिव्ह काहीतरी" हे उत्तर चालत नाही, काम छोटं आणि डोळ्यासमोर येईल असं पाहिजे. एक पातळ वही चित्रांनी भरायची, एका गाण्याला चाल लावायची, एकाच खडकाचे वेगवेगळ्या वेळचे फोटो काढायचे, असं काहीतरी. मोठी कादंबरी पुरी करायला बेटावर जाऊ नका, तिचं ओझं दोघांच्याही डोक्यावर बसतं. आणि ऑफिसचं काम म्हणजे क्रिएटिव्ह काम नाही हेही आधीच बोलून घ्या, एकाने मेल उघडले की दुसऱ्याची सुट्टी तिथेच संपते.

राहायची जागा एकच घ्या, दर दोन दिवसांनी बॅगा उचलायच्या नाहीत. खोली बघताना सगळे खिडकीतून समुद्र दिसतो का एवढंच बघतात, पण मी आधी टेबल बघते. सावलीत बसून काम करता येईल असं एक टेबल आणि दोन धड खुर्च्या आहेत का, त्याचा फोटो मागवून घ्या, बहुतेक लोक आनंदाने पाठवतात.

बोटीने जायचं असेल तर परतीची बोट आणि पुढचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, त्यामुळे शेवटी एक दिवस मोकळा लागतोच. आणि जायच्या महिन्यात तिथला समुद्र कसा असतो, बोटी चालू असतात का, हे खोलीचे पैसे भरायच्या आधी बघा.

२. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवा आणि भिंतीला चिकटवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोज वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी ७ ला ओहोटी असेल तर आठवडाभराने तीच ओहोटी भर दुपारी १ च्या आसपास येते, आणि पहिल्या दिवशीचा प्लॅन शेवटच्या दिवशी चालत नाही. काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते आणि भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी तर पाणी फार हलतच नाही, त्यामुळे त्या बेटाचंच वेळापत्रक घ्या, शेजारच्या बंदराचं नको. फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आता याचा उपयोग असा. ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात, त्यात खेकडे, समुद्रफुलं, छोटे मासे अडकलेले असतात, चित्र काढायला आणि फोटोला याच्याइतकी सुंदर जागा नाही. ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचा आणि पाणी वळलं की निघा. पाणी सारख्या वेगाने वाढत नाही, पहिल्या तासात हळू वाढतं, मग तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात येतं, आणि गाफील माणूस नेमका तेव्हाच पलीकडच्या खडकावर अडकतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि तेवढंच वर येतं, तेव्हा डबकी बघायला मजा पण काळजीही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, हे दिवस कयाक आणि पोहायला बरे.

स्नॉर्कलिंग प्रवाळाच्या उथळ जागी करायचं असेल तर साधारण भरती पूर्ण होत आलेली असताना करा, पाणी थोडं थांबलेलं असतं आणि अंगाखाली पुरेसं खोल असतं, म्हणजे गुडघे प्रवाळावर घासत नाहीत. तरी प्रत्येक जागेचा प्रवाह वेगळा, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.

३. दिवसाचा साचा एका कागदावर

उन्हाळी बेटावर सकाळी ११ ते ३ हे ऊन फोटोलाही वाईट आणि कातडीलाही, म्हणून आम्ही कामाची बैठक तिथेच ठेवतो. सकाळी बाहेर, दुपारी सावलीत काम, मग झोप, संध्याकाळी उजेड मऊ झाला की नुसतं चालायला. ओहोटी दुपारी येत असेल त्या दिवशी उलटं करायचं, सकाळीच काम उरकायचं. बैठक दोन तासांची पुरते. त्याच्यापुढे ताणू नका, मन लागलेलं असतानाच उठलं तर दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतं.

आणि मधला एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. त्या दिवशी कामही नाही, साहसही नाही.

४. बाहेरची साहसं, पण दोघांच्या बेताने

नियम एकच, ज्याला कमी जमतं किंवा भीती वाटते त्याच्या बेताने निवडायचं. पोहता न येणाऱ्या माणसाला "काही नाही होत, चल" म्हणत पाण्यात ओढणं हे मला अजिबात पटत नाही, त्यात मजाही नाही आणि विश्वासही जातो.

कयाक सकाळी लवकर. दिवस चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा तापून वर जाते आणि समुद्राकडून वारा यायला लागतो, दुपारी तो बराच जोर धरतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमलेले असताना परत येणं सोपं पडतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर जाऊच नका, पाणी शांत दिसतं पण वारा तुम्हाला बाहेर ढकलत नेतो. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस दिशा सांभाळतो आणि पुढचा लय ठरवतो, मागच्याला पुढचं वल्हं दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागच्याने पुढच्याशी जुळवून घ्यायचं असतं. जास्त अनुभव असलेल्याने मागे बसावं. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही.

स्नॉर्कलिंगला दोघं कायम एकमेकांना दिसत राहा आणि खुणा आधी ठरवा. डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर जाऊया" असा अर्थ होतो, आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. प्रवाळ दगड वाटला तरी तो जिवंत प्राण्यांची वस्ती असते, त्यावर उभं राहायचं नाही, पायातल्या फिनचा फटकाही बसू द्यायचा नाही. सनस्क्रीनबद्दलही बघा, प्रवाळाला घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली आहे, पलाऊने २०२० पासूनच अशा सनस्क्रीनवर बंदी आणली. सगळ्यात सोपं म्हणजे लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला, मग क्रीम फक्त तोंडाला आणि हातापायाला लागतं.

पोहताना पाणी आत ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, तिथेच लोक दमतात. किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहाच्या बाजूला जा आणि मग वळा, ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. एकजण अडकला तर दुसऱ्याने लगेच उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि माणसं बोलवायची. अशा प्रसंगात वाचवायला गेलेलाच बुडतो असं बऱ्याचदा होतं, म्हणून हे आधीच एकमेकांना सांगून ठेवा.

स्कूबा करणार असाल तर ते सुट्टीच्या मधल्या दिवसांत करा. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस चित्रं आणि चालणं.

५. कामाची बैठक: एकत्र बसायचं, काम वेगळं

मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. फिनलंडच्या आखातात क्लोव्हहारू नावाचं एक छोटं खडकाळ बेट आहे, तिथे लेखिका-चित्रकार टूव्हे यान्सन आणि तिची जोडीदार, ग्राफिक आर्टिस्ट टूलिक्की पिएतिला, या दोघी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात राहून काम करायच्या. वीज नाही, एकच खोली, चारही भिंतींना खिडक्या. एका खोलीत दोन माणसं आपापल्या कामात बुडालेली असू शकतात आणि त्यात कोणी कोणाला टाळत नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपण काही नियम ठरवून घ्यायचे. काम चालू असताना डोकावायचं नाही. "दाखव ना" म्हणायचं नाही, ज्याचं काम आहे त्याने स्वतःहून दाखवावं. दाखवलं तर आधी काय आवडलं ते सांगायचं, सुधारणा मागितली तरच. आणि बैठकीत फोन दुसऱ्या खोलीत. सुचत नसेल तर एक करून बघा, दोघांनी एकच गोष्ट घ्यायची, समोरचा एखादा खडक किंवा बांधलेली होडी, एकाने काढायची, दुसऱ्याने तिच्यावर दहा ओळी लिहायच्या किंवा तिथला आवाज रेकॉर्ड करायचा. एकाच गोष्टीकडे आपलं माणूस किती वेगळं बघतं ते तेव्हा कळतं.

सामानाचं थोडं. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, पातळ कागद दमट हवेत लगेच वाकतो. किनाऱ्यावर वाऱ्यात रंग भराभर सुकतात आणि खोलीत सुकतच नाहीत, म्हणून मोठे वॉश (पातळ रंगाचे पसरट थर) खोलीत आणि झटपट स्केच बाहेर. समुद्राच्या पाण्यात ब्रश बुडवूनही रंगवता येतं, मिठामुळे वेगळाच पोत येतो, नंतर ब्रश गोड्या पाण्यात नीट धुवायचा. वहीला दोन मोठ्या क्लिप लागतातच.

कॅमेरा एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते, बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग उघडा. वाळूवर लेन्स बदलू नका. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कपड्याने घासायचं नाही, मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी गोड्या पाण्याने किंचित ओलावलेल्या कपड्याने टिपायचं. बॅगेत सिलिका जेलची पाकिटं टाका. समुद्राचा आवाज फोनवर घेताना वाऱ्याकडे पाठ करून अंगाच्या आडोशाला फोन धरा, माइकवर मऊ मोजा चढवला तरी फरक पडतो.

६. पाऊस आला, मूड गेला, एकाला बरं नाही

होतंच असं. त्या दिवशी दोघांनी एकच गोष्ट करायचा हट्ट सोडा. एकाला डोंगर चढायचाय आणि दुसऱ्याला झोपायचंय तर चढणाऱ्याने वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवून जावं, ती वेळ उलटून तासभर गेला तर दुसऱ्याने कोणाला फोन करायचा तेही लिहावं, आणि झोपणाऱ्याने बिनधास्त झोपावं. पाण्यात मात्र एकट्याने नाही.

७. निघायच्या आदल्या दिवशी

मास्क, फिन, ड्राय बॅग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. चित्रं दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधा. फोटो आणि रेकॉर्डिंग दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा आणि त्या दोन गोष्टी दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नका, कितीतरी ठिकाणी त्याला बंदी आहे आणि रिकामा शंख शंखवासी खेकड्याला घर म्हणून लागतो, त्यांचं चित्र काढून घ्या. मग रात्री ते टेबल रिकामं करून आठवडाभरात केलेलं सगळं त्यावर मांडा आणि एकमेकांना दाखवा, अर्धवट राहिलेलंसुद्धा. बोटीत दाखवू म्हणून ठेवू नका, हलत्या बोटीत वही वाचायला घेतली की मळमळायला लागतं.