छोट्या देशांचा संघ एक की वेगळा? वादविवादाची तयारी अशी करून घ्या

शालेय वादविवादात क्रिकेटचा विषय आला की मुलं खूश होतात आणि तयारीच करत नाहीत. 'एकमेकांशेजारच्या छोट्या देशांनी आपापले स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघ उतरवावेत' हा विषय तर फारच फसवा. झेंडा, राष्ट्रगीत, अस्मिता यावर चार मिनिटं सहज निघतात आणि परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. मी गोव्यात फोंड्याला मराठी शिकवतो आणि रविवारी मैदानावर स्कोअर लिहायला बसतो. भाषणाची आणि खेळाची, दोन्हींची ओढ असल्यामुळे हा विषय नीट मांडला जावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून तयारी कशी करून घेतो ते सविस्तर लिहितो.

देशाची सीमा आणि क्रिकेटची सीमा एकच नसते, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं बसवा. दाखला लांबून आणायला नको. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजी करंडकात संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गोवा घटक राज्य झालं ३० मे १९८७ रोजी, पण रणजी करंडकात आपण १९८५-८६ च्या हंगामापासून स्वतःच्या नावाने उतरतो. राज्य व्हायच्या आधी संघ झाला. आयर्लंडची १९२१ मध्ये फाळणी झाली, तिथे फुटबॉलचे संघ दोन झाले, क्रिकेटचा मात्र एकच राहिला. बेलफास्टचा आणि डब्लिनचा मुलगा एकाच टोपीखाली खेळतो, आणि त्याच संघाने २००७ च्या विश्वचषकात किंग्स्टनला पाकिस्तानला हरवलं. वेल्सचे खेळाडू इंग्लंडकडून खेळतात, स्कॉटलंडचा संघ वेगळा. हे फळ्यावर लिहून झालं की 'देश स्वतंत्र, म्हणून संघ स्वतंत्र' हे वाक्य मुलं आपणहून खोडतात.

एक सावधगिरी आपल्याकडे घ्यावीच लागते. 'वेगळं की एकत्र' म्हटलं की घरी आजोबांकडून जनमत कौलाच्या गोष्टी ऐकलेली मुलं लगेच १६ जानेवारी १९६७ वर जातात, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा या कौलाची फूल आणि दोन पानं ही चिन्हं निघतात, आणि वर्गात वेगळाच वाद पेटतो. मी तो दाबत नाही. पण वहीत ज्याला क्रिकेटचा पुरावा जोडता येईल तेवढंच लिहायचं, असं ठरवून दिलेलं आहे.

आता वेस्ट इंडिज. इथे घाई करू नका, कारण सगळा वाद शेवटी इथेच येऊन ठेपतो. कॅरिबियन भागातल्या अनेक देशांचा हा एकत्र संघ पहिली कसोटी खेळला १९२८ मध्ये, तेव्हा त्या सगळ्या ब्रिटिश वसाहतीच होत्या. १९५८ मध्ये त्यांचं एक संघराज्य उभं राहिलं आणि १९६२ मध्ये मोडलं. त्याच वर्षी जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो स्वतंत्र झाले, १९६६ मध्ये गयाना आणि बार्बाडोस. संसदा वेगळ्या झाल्या, नोटा-नाणी वेगळी झाली, संघ तेवढा एक राहिला. आणि १९७५ व १९७९ असे पहिले दोन्ही विश्वचषक त्याच संघाने जिंकले. विरोधी बाजूला याहून मोठा आधार नाही.

अनुकूल बाजू इथे हमखास बार्बाडोस काढते, आणि काढावाच. ४३० चौरस किलोमीटरचा देश, आपला गोवा त्याच्या आठ पटींहून मोठा. एवढ्याशा जागेतून सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, मार्शल, गार्नर आले. मग त्यांचा स्वतःचा संघ का नसावा? याचं उत्तर विरोधकांनी पाठ ठेवावं: १९६७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पाठोपाठ, बार्बाडोसने घरच्या मैदानावर जागतिक संघाला आव्हान दिलं आणि सामना गमावला. अकरा उत्तम खेळाडू एका पिढीत मिळतात. पुढच्या पिढीत मिळाले नाहीत तर शेजारच्या बेटावरून आणण्याची सोय वेगळ्या संघाला राहत नाही.

अनुकूल बाजूचा खरा हुकमी पत्ता मात्र पूर्व आफ्रिका आहे, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. १९७५ च्या विश्वचषकात केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांबिया मिळून एक संघ खेळला. तिन्ही सामने हरला, त्यात भारताने दहा गडी राखून हरवलं. पुढे केनिया वेगळा झाला आणि २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्यात, नेहरू स्टेडियमवर, त्याने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. केनियाच्या स्वतःच्या धावा होत्या फक्त १६६. २००३ मध्ये संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली ते उपांत्य फेरीपर्यंत पोचले. युगांडाही वेगळा होऊन २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आला. तिथे ४३ वर्षांच्या फ्रँक न्सुबुगाने पापुआ न्यू गिनीविरुद्ध चार षटकांत चार धावा देऊन दोन बळी घेतले, सामनाही जिंकला. एकत्र संघात राहिला असता तर हा माणूस आपल्याला दिसला असता का, हे मुलांना विचारा.

विरोधकांनी याच गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा. २०१४ मध्ये केनियाचा अधिकृत एकदिवसीय सामने खेळण्याचा दर्जाच गेला. युगांडा २०२४ च्या त्याच विश्वचषकात वेस्ट इंडिजपुढे ३९ धावांत बाद झाला.

यानंतर वह्या मिटायला सांगतो आणि एक स्कोअरशीट भरून घेतो. नोव्हेंबर २०२४, पर्वरी, रणजी सामना, गोवा विरुद्ध अरुणाचल प्रदेश. अरुणाचल पहिल्या डावात सर्वबाद ८४. गोवा २ बाद ७२७, डाव घोषित: स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, तिसऱ्या गड्यासाठी अखंड ६०६. अरुणाचल पुन्हा ९२. विजय एक डाव ५५१ धावांनी. गोव्याची मुलं हे आकडे अभिमानाने भरतात. मग अरुणाचलच्या गोलंदाजांच्या रकान्यांकडे बोट दाखवायचं: दिवसभर चेंडू टाकले, बळींचे रकाने जवळजवळ कोरे. अरुणाचलसह ईशान्येकडच्या सहा राज्यांना २०१८-१९ मध्ये वेगळे संघ मिळाले ते योग्य झालं की अयोग्य?

वर्षामागून वर्ष वर्ग इथेच दुभंगतो. एक मुलगी म्हणाली, "सर, एवढा मार खाण्यापेक्षा कोणाबरोबर तरी खेळलेले बरे." मी म्हटलं, "बाय, मडगावचे दिलीप सरदेसाई १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा करून आले, तेव्हा ते मुंबईचे खेळाडू होते. गोव्याला रणजी संघच नव्हता. आज आपल्या मुलाला मुंबईला जाऊन जागा मिळेपर्यंत थांबावं लागत नाही."

माझं मत मी लपवत नाही. तळाला संघ वेगळेच हवेत, जितके जास्त तितके बरे. मात्र कसोटीसारख्या सर्वोच्च पायरीवर जमलेली मोट सोडू नये. वेस्ट इंडिजमध्ये हेच चालतं: सहा प्रादेशिक मंडळं आपसांत लढतात, वर संघ एक. केनियाकडे वरचा संघ झाला, खाली रोजची झुंज पुरेशी नव्हती. त्यामुळे प्रत्येक देशाबाबत मुलांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की राष्ट्रीय संघात न बसलेला बारावा ते चाळिसावा खेळाडू पुढच्या आठवड्यात कुठे खेळणार आहे?

उलटतपासणीसाठी एक प्रश्न राखून ठेवा: वेस्ट इंडिज फुटलं तर कसोटीचा दर्जा कोणाला? आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे (आयसीसी) पूर्ण सदस्य बारा, त्यांत ती एक जागा आहे. ती जमैकाला की त्रिनिदादला? पैसा आणि मोठे दौरे त्या जागेच्या मागे जातात. अनुकूल बाजूकडे उत्तर तयार नसेल तर तिथेच गुण जातात. त्यांनी २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक पुढे करावं, तिथे क्रिकेट आहे. ऑलिंपिकमध्ये देशांच्या समित्या असतात, वेस्ट इंडिज नावाची समिती नाही. तिथे वेगळं व्हावंच लागणार, उलट इंग्लंड आणि स्कॉटलंडला ब्रिटनच्या नावाखाली एकत्र यावं लागणार. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत बार्बाडोस, जमैका, अँटिग्वा वेगवेगळे खेळले होते, तोही दाखला हाताशी असू द्या.

भाषणात 'वेस्ट इंडिजची सगळी बेटं' असं कोणी म्हणत असेल तर लगेच थांबवा. गयाना बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर आहे, आणि भूगोलाचे शिक्षक परीक्षक असले की नेमके तिथेच पकडतात.