शिक्का मारण्याआधी: चिनी-जपानी खंडांची नोंद कशी करावी

अजिंठ्यामुळे जळगावात जपानी पाहुण्यांची ये-जा असते. त्यातला एखादा अभ्यासक मागाहून पुस्तकांचं खोकं भेट पाठवतो आणि ते आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर येऊन पडतं. आमचा अमळनेरचा शिपाई दोरी कापतो, वरचं पुस्तक उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, ‘हाई काय शे, मॅडम?’ बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर म्हणून खोकं कपाटावर चढतं आणि तिथंच राहतं. तसं करायचं कारण नाही. मला दोन्ही भाषा येत नाहीत, तरी नोंदी होतात.

आधी शिक्का बाजूला ठेवा. उभ्या ओळींचं जपानी पुस्तक मुखपृष्ठ समोर धरलं की कणा उजव्या हाताला येतो. आपल्या सवयीनं उघडलंत तर शेवटच्या पानावर शिक्का बसतो. चीनमधली हल्लीची पुस्तकं बहुतेक आडव्या ओळींची, आपल्यासारखीच उघडणारी. तैवानची पुष्कळशी जपानीच्या बाजूनं उघडतात. कुठून आलंय ते आयएसबीएन सांगतो: ९७८ नंतर ७ असेल तर चीन, ४ असेल तर जपान, ९५७ किंवा ९८६ असेल तर तैवान. जपानी पुस्तकाच्या मागे दोन बारकोड असतात. वरचा ९७८ चा, तोच स्कॅन करा. खालचा १९२ नं सुरू होणारा दुकानदारांसाठी असतो, आपल्या कामाचा नाही.

जपानी पुस्तकाची खरी माहिती शेवटच्या पानावर असते. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, तारीख, सगळं एका चौकटीत. चिनी पुस्तकात ती बहुधा शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागे सापडते. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून घ्या, पण सालावर विसंबू नका, ते स्वतः काढा. आपण शकात ७८ मिळवतो तसंच हे. जपानी साल सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावानं मोजतात: शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेइला १९८८, रेइवाला २०१८. म्हणजे शोवा ४३ हे १९६८. जुन्या चिनी पुस्तकांवरचं ‘मिंग्वो’ (चिनी प्रजासत्ताकाचं साल) आणि जपानी ‘ताइशो’ या दोघांनाही १९११च मिळवायचे, कारण दोन्ही गणना १९१२ पासून सुरू होतात.

आता खंड. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश. दोन-तीन खंडांच्या संचावर बहुधा आकडा नसतो, एकच अक्षर असतं. तळाच्या आडव्या रेघेवर उभी रेघ आणि तिला उजवीकडे छोटा फाटा, हा ‘वरचा’, म्हणजे पहिला खंड. वरच्या आडव्या रेघेला खाली लोंबणारी उभी रेघ, हा ‘खालचा’, शेवटचा. चौकोनाला आरपार छेदणारी रेघ म्हणजे ‘मधला’. संच दोन खंडांचा असेल तर मधला नसतोच! तेव्हा ‘खंड २ गहाळ’ असा शेरा मारण्याआधी शेवटचं पान पुन्हा बघा. काही जुन्या संचांवर आकाश, पृथ्वी, माणूस असे तीन खंड असतात. तेही एक-दोन-तीनच.

याहून अवघड प्रकार जुन्या चिनी ग्रंथांचा. तिथं ‘ज्वान’ हा ग्रंथाचा अंतर्गत विभाग आणि ‘त्स’ ही हातात धरायची बांधीव प्रत. ह्युएनत्संगाचा प्रवासवृत्तान्त १२ ज्वानांचा, त्यात महाराष्ट्राचं वर्णन ११ व्या ज्वानात. आपल्याकडे हा ग्रंथ मागणारे वाचक अजिंठ्यासाठी तेच पान शोधत येतात. पण आजच्या छपाईत हे बाराही ज्वान एका पुस्तकात मावतात. ‘ताइशो’ या १०० खंडी बौद्ध ग्रंथसंग्रहात तर ते सगळे ५१ व्या खंडाचा एक भाग आहेत. म्हणून शीर्षकापाशी ‘१२ ज्वान’ असं छापलेलं जसंच्या तसं लिहा, आणि भौतिक वर्णनात टेबलावर मोजलेली पुस्तकंच लिहा.

नोंद अशी: संचाची मुख्य नोंद एकच, दाखल नोंदवहीत मात्र प्रत्येक खंडाला वेगळा दाखल क्रमांक. कोहा या ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीत प्रत्येक आयटमला खंड क्रमांकाची चौकट आहे, तिथं १, २, ३ टाका. छापलेलं अक्षरही राहू द्या. मूळ लिपीतलं शीर्षक मार्क या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात ८८० क्रमांकाच्या रकान्यात जातं आणि ते तिथं असावंच, कारण ज्याला ही भाषा येते तो त्याच लिपीत शोधणार. खंडांना स्वतंत्र शीर्षकं असतील तर ५०५ मध्ये अनुक्रमे द्या. खंड वेगवेगळ्या लेखकांचे आणि स्वतंत्र विषयांचे असतील तरच वेगळ्या नोंदी करून संचाचं नाव मालेत घाला. एरवी तो खटाटोप नको. वर्गांक सगळ्यांना एकच. राजवाड्यांच्या ‘साधनां’चे २२ खंड लावलेल्या धुळ्या-जळगावच्या ग्रंथपालाला हे सांगायला नको.

साल टाकताना एक मेख आहे. जपानी समग्र वाङ्मयाचे खंड क्रमानं बाहेर पडतीलच असं नाही, सातवा आधी आणि पहिला नंतर असं सर्रास होतं. सगळी शेवटची पानं बघून सर्वात जुनं आणि सर्वात अलीकडचं साल घ्या. ताळा जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या किंवा साइनीच्या (जपानी विद्यापीठ ग्रंथालयांच्या सामाईक) तालिकेत मिळतो, दोन्ही फुकट आहेत. चिनी नाव सापडलं नाही तर जुन्या रोमन वळणानंही शोधा, कारण अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं पिनयिन, म्हणजे चिनी रोमन लिपीत लिहायची आजची पद्धत, २००० मध्ये स्वीकारली.

जपानी खंड पुष्कळदा पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. लेबल खोक्याला नको, कण्याला लावा, आणि कण्याच्या तळाशी खंड क्रमांक छापलेला असेल तर त्याच्या वर. आत चारसहा पानांची सुटी पत्रिका निघाली तर ती जाहिरात समजून टाकू नका. ती त्याच खंडाची असते, पाकीट करून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा आणि टिपेत लिहा. खंड खरोखरच कमी असतील तर ‘१, ३, ४ उपलब्ध’ एवढं स्पष्ट नोंदवा आणि आभाराच्या पत्रात दात्याला तो आकडा कळवा.