सोलला एकट्याने फिरायचंय? मग या चुका टाळा

माझी सोलमधली, म्हणजे दक्षिण कोरियाच्या राजधानीतली, पहिली संध्याकाळ बॅग उचलून पायऱ्या चढण्यात गेली. बुकिंग करताना वाचलं होतं स्टेशनपासून ३५० मीटर, म्हटलं पाच मिनिटांचं काम, पण ते ३५० मीटर म्हणजे आधी स्टेशनचे जिने, मग खडी चढण, आणि शेवटी एका गल्लीत सरळ वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि सोबत कोणी असतं तर "तू बॅगेजवळ थांब, मी वर बघून येते" तरी म्हणता आलं असतं. एकट्याने फिरण्यात हाच फरक आहे बघा. चुका सगळ्यांच्याच होतात, पण दुसरं माणूस सोबत असलं की ती चूक दोघांत वाटली जाते, एकटे असलात की पूर्ण तुमच्याच अंगावर येते. म्हणून मागच्या ऑक्टोबरातल्या नऊ दिवसांत ज्या ज्या ठिकाणी अडले ते सगळं लिहून काढतेय, पुढच्याचा तरी वेळ वाचेल.

खोली घेताना फक्त अंतर बघणं

सोल डोंगरांमधलं शहर आहे, अगदी मध्यभागीच नामसान उभा आहे, आणि नकाशावर चढ दिसत नाही. खोली बुक करायच्या आधी नेव्हर मॅपवर किंवा काकाओ मॅपवर (ही तिकडची नकाशाची ॲप्स) त्या गल्लीचे रस्त्यावरचे फोटो उघडून बघा, पायऱ्या आहेत का ते दोन मिनिटांत कळतं. आणि स्टेशनच्या कुठल्या एक्झिटला लिफ्ट आहे तेही बघून ठेवा, कारण सगळ्या एक्झिटला लिफ्ट नसते.

पहिल्यांदाच जाणार असाल तर होंगदे किंवा जोंगनो ३-गा च्या आसपास राहा असं मी सांगेन, दोन्हीकडे बऱ्यापैकी सपाट आहे. होंगदेला तर विमानतळाची गाडी थेट थांबते. इथे अजून एक गडबड होते. इंचॉन विमानतळावरून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात, एक एक्सप्रेस जी पहिल्या टर्मिनलवरून ४३ मिनिटांत सोल स्टेशनला जाते आणि मध्ये कुठेच थांबत नाही, आणि दुसरी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी, जी बरीच स्वस्त आहे. होंगदेला राहणारे लोक घाईघाईत एक्सप्रेसचं तिकीट काढतात, सोल स्टेशनला पोचतात, तिथे प्लॅटफॉर्म इतका खोल आहे की वर यायलाच वेळ लागतो, आणि मग परत उलटे होंगदेला येतात. साधी गाडी पकडा, सरळ होंगदेला उतरा.

गुगल मॅपवर विसंबून बाहेर पडणं

हे सगळे सांगतात तरी आपण ऐकत नाही, सवयच तशी असते. मी गेले तेव्हा गुगल मॅप बस आणि मेट्रो दाखवत होतं पण पायी कसं जायचं ते नीट सांगत नव्हतं. कारण असं की बारकाईच्या नकाशाचा डेटा देशाबाहेर न्यायची परवानगी गुगलने २००७ मध्ये आणि परत २०१६ मध्ये मागितली आणि दोन्ही वेळा सरकारने सुरक्षेचं कारण देऊन नाही म्हटलं. म्हणून तिथे नेव्हर मॅप, तो इंग्रजीत चालतो.

पण नेव्हरमध्येही एक अडचण आहे, नाव इंग्रजीत टाइप केलं की स्पेलिंग जुळत नाही आणि दुकान सापडत नाही. एकच कोरियन नाव इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. त्यामुळे जिथे जायचंय त्याचं कोरियन लिपीतलं नाव आधीच कॉपी करून फोनमध्ये ठेवा, नसेल तर त्या जागेचा फोन नंबर टाका, नंबरवरून लगेच सापडतं.

आणि खरं सांगू का, जायच्या आधी आठवडाभर रोज अर्धा तास काढून हांगुल शिकून घ्या. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली ही लिपी, आज वापरात असलेली मूलभूत अक्षरं फक्त २४, आणि आपल्याला तर सोपीच जाते कारण क-ख, प-फ हा फरक आपल्या कानाला लहानपणापासून माहीत आहे. मला रस्त्यावर पहिला वाचता आलेला शब्द होता "खॉफी", एका दुकानाच्या काचेवर. दोनदा वाचला आणि एकदम कळलं, अरे ही तर कॉफी! त्या क्षणानंतर शहर वेगळं दिसायला लागलं, कारण अर्ध्या पाट्यांवर असे ओळखीचेच इंग्रजी शब्द कोरियन कपड्यांत उभे असतात. अर्थ नाही कळला तरी चालेल, वाचता आलं की स्टेशन चुकत नाही.

मेट्रोत उलट्या दिशेला जाणं

दोन नंबरची लाइन गोल फिरते, त्यामुळे शेवटचं स्टेशन बघून दिशा ठरवायची आपली सवय तिथे कामाला येत नाही. बोर्डवर पुढचं स्टेशन कुठलं लिहिलंय ते बघा, बस्स. एक नंबरची लाइन गुरोला फुटते, एक फाटा इंचॉनकडे आणि एक सुवॉनकडे, त्यामुळे गाडी कुठे चालली आहे ते डब्यावर वाचल्याशिवाय चढू नका. नऊ नंबरवर एक्सप्रेस आणि लोकल दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर येतात, एक्सप्रेस छोटी स्टेशनं सोडून देते.

बऱ्याच स्टेशनांत दोन दिशांसाठी वेगवेगळी गेट असतात आणि आत गेल्यावर पलीकडे जाता येत नाही. माझं असंच झालं, कार्ड लावून आत गेले, बोर्ड वाचला, उलटी बाजू. आता परत पैसे जाणार म्हणून मी गेटपाशीच घुटमळत होते तर एक आजी थांबल्या, माझ्या हातातल्या कार्डाकडे बोट, मग बाहेर बोट, मग रस्त्यापलीकडे बोट आणि मनगटावरच्या घड्याळाला टिचकी. मी बाहेर पडले, पलीकडच्या गेटला कार्ड लावलं, आणि स्क्रीनवर शून्य वॉन! नंतर कळलं की त्याच लाइनच्या त्याच स्टेशनात १५ मिनिटांच्या आत परत आत गेलात तर पैसे कापत नाहीत, २०२३ पासून ही सोय आहे. टॉयलेटला जायचं असेल तरी हीच सोय. फक्त कार्ड हवं, सुट्या तिकिटाला नाही.

तर कार्ड म्हणजे टी-मनी, ते विमानतळावरच घ्या, आणि थोडे रोख वॉन जवळ ठेवा कारण मी गेले तेव्हा रिचार्ज बहुतेक ठिकाणी रोखीनेच होत होता, मी दुसऱ्याच दिवशी शिल्लक संपवून मशीनसमोर क्रेडिट कार्ड हातात धरून उभी होते. मेट्रोचं किमान भाडं कार्डाने १,५५० वॉन आहे, म्हणजे साधारण शंभर रुपये. क्लायमेट कार्ड नावाचा अमर्याद प्रवासाचा पासही आहे, तीन दिवसांचा १०,००० वॉनला, कार्डाचे वेगळे, म्हणजे तीन दिवसांत सात वेळा मेट्रोत बसलात की वसूल. पण तो सोलच्या हद्दीबाहेरच्या बऱ्याच स्टेशनांवर चालत नाही आणि शिनबुंदांग लाइनवरही चालत नाही, हे बघून घ्या.

बसमधून उतरतानाही कार्ड लावायचं. हे विसरलात तर पुढच्या गाडीला बदलीची सवलत मिळत नाही. आणि हातात उघडा कॉफीचा कप घेऊन बसमध्ये चढू नका, ड्रायव्हर खाली उतरवतो, तसा नियमच आहे.

एक्झिटचा नंबर ही तर तिकडची पत्ता सांगायची पद्धतच आहे. चुकीच्या एक्झिटने वर आलात तर समोर आठ पदरी रस्ता आणि क्रॉसिंग कुठे तर लांब. ग्योंगबोकगुंग राजवाड्यासाठी त्याच नावाच्या स्टेशनची ५ नंबर एक्झिट, चांगदोकगुंगसाठी आंगुकची ३ नंबर.

जेवणाचं आयत्या वेळी बघू म्हणणं

इथे मी सगळ्यात जास्त अडले म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिकडे मांस टेबलावर भाजून खायची जी हॉटेलं असतात तिथे बहुतेक वेळा कमीत कमी दोन माणसांचं मागवावं लागतं. एकट्या माणसाला दारातूनच हाताने फुली करून नाही म्हणतात. पहिल्यांदा मला ते फार लागलं, थंडीत दिवसभर चालून आल्यावर दारातून परत फिरायचं म्हणजे डोळ्यांत पाणी येतं हो. पण त्यात राग नसतो, अपमानही नसतो, त्यांचं ताटच दोघांच्या हिशोबाने मांडलेलं असतं. एकट्याने जेवायला तिकडे "होनबाप" असा शब्दच आहे आणि हल्ली एकटे जेवणारे खूप आहेत. जागा बरोबर निवडली की झालं. गुकबाप म्हणजे सूप-भाताची दुकानं, खालगुकसू म्हणजे नूडलची, किंबाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताची, मोठ्या मॉलच्या तळघरातलं फूड कोर्ट, इथे कोणी वळूनही बघत नाही. दारात गेल्या गेल्या एक बोट वर करून "हान म्योंगियो" म्हणा, एकच जण. वेटरला बोलवायला "योगियो". टेबलावर बटण असेल तर ते दाबा. चमचे आणि काड्या दिसल्या नाहीत तर टेबलाच्या कडेला ड्रॉवर असतो, त्यात बघा. सोबतच्या छोट्या वाट्या मोफत, परत मागितल्या तरी मोफत, आणि टिप द्यायची नाही.

शाकाहारी असाल तर मात्र आधीच तयारी करा. "मांस नको" म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढतात, पण रस्सा बऱ्याचदा सुक्या माशांचाच असतो. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. बिबिमबाप म्हणजे भाज्या घातलेला भात, त्यावरच्या लाल चटणीत कधी कधी बारीक बीफ परतलेलं असतं. किंबापमध्ये बऱ्याचदा हॅम असतं. त्यामुळे मांस नको, मासे नको, माशांचा रस्सा नको, अंडं चालतं की नाही, हे सगळं पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये कोरियनमध्ये करून स्क्रीनशॉट ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. माझी आई सोबत असती तर काय खाल्लं असतं हा विचार सारखा येत होता, तिच्यासाठी म्हणून मी दोन गोष्टी शोधून ठेवल्या. एक, जोग्येसा मंदिराच्या आजूबाजूला बौद्ध मंदिरांचं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूणही नसतो. दुसरी होबाकजुक, लाल भोपळ्याची खीर म्हणा ना, गरम, गोडसर, थंडीत पोटाला इतकी बरी वाटते, आणि ती मिळते ती जुकची, म्हणजे पेजेची, दुकानं एकट्या माणसाला अगदी सोयीची.

चांगल्या चालणाऱ्या ठिकाणी दारात वेटिंगचं मशीन असतं आणि ते कोरियन मोबाईल नंबर मागतं. आत जाऊन माणसाला सांगा, लिहून घेतात.

वार न बघता राजवाडे ठरवणं

ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद. चांगदोकगुंग, चांगग्योंगगुंग, दोकसुगुंग सोमवारी बंद. हे उलटसुलट झालं की सकाळ फुकट. पहारेकऱ्यांची बदली बघायची असेल तर ग्योंगबोकगुंगला सकाळी १० किंवा दुपारी २. चांगदोकगुंगच्या मागची बाग, हुवॉन, तिचं तिकीट वेगळं आणि ठरलेल्या वेळेलाच गाइडबरोबर आत सोडतात, आधी ऑनलाइन बुक करायचं, पण काही तिकिटं त्याच दिवशी खिडकीवरही असतात आणि एकट्या माणसाला एक जागा मिळून जाते. मला मिळाली. ऑक्टोबरच्या शेवटी तळ्याच्या काठचे मेपल नुकते लाल व्हायला लागले होते.

बुकचोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत मात्र सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळेत पर्यटकांना जाता येतं, मार्च २०२५ पासून वेळेबाहेर त्या भागात फिरताना सापडलात तर एक लाख वॉन दंड. पहाटेच्या रिकाम्या गल्लीचा फोटो काढायचा मोह सोडा. लोक राहतात तिथे, आणि वर्षानुवर्षं कोणीतरी त्यांच्या दाराशी बोलत उभं असतं.

रात्री गाडी मिळेलच असं धरून चालणं

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास संपते. त्यानंतर एन अक्षराच्या रात्रीच्या बस आहेत पण त्यांचे मार्ग मोजके. टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ४ जादा भाडं लागतं. फोनची बॅटरी संपली तर नकाशा, भाषांतर, टॅक्सी सगळंच जातं, म्हणून पॉवर बँक बॅगेत नाही, खिशात ठेवा. प्लग गोल दोन पिनचा, आपला तीन पिनचा तिथे बसत नाही. पोलीस ११२, ॲम्ब्युलन्स ११९, आणि १३३० हा पर्यटकांसाठी २४ तास चालणारा नंबर, इंग्रजीत बोलतात, हा नंबर आत्ताच सेव्ह करा.

एका दिवसात नदीच्या दोन्ही बाजू

होंगदे ते जामशिल एका लाइनवर आहे म्हणून जवळ वाटतं, पण पाऊण तास तरी जातो. मी पहिले दोन दिवस असं इकडून तिकडे केलं आणि मेट्रोचे बोगदेच जास्त बघितले. तिसऱ्या दिवसापासून एक दिवस एकच भाग.

आणि संध्याकाळचं काहीतरी ठरवून ठेवा, एकटेपणा जाणवतो तो संध्याकाळीच, जेव्हा सगळे घोळक्याने हसत जेवायला निघतात. मी चार नंबरच्या लाइनने हेह्वाला उतरून नाकसानच्या बाजूने जुन्या तटबंदीच्या कडेने दोंगदेमुनपर्यंत चालत जायचे. ही तटबंदी १३९६ ची, पूर्ण वेढा १८.६ किलोमीटरचा, हा तुकडा जेमतेम दोन किलोमीटर. अंधार पडला की भिंतीला खालून पिवळे दिवे लागतात, उजवीकडे सगळं शहर, आणि कोणी कोणी कुत्रं फिरवायला आलेलं असतं. चप्पल नको, बूट घाला, उतार आहे. भिंतीच्या आतून चालायचं की बाहेरून ते सुरुवातीलाच ठरवा, पलीकडे जायला मधे फार थोडी दारं आहेत.