ओळखीच्या विश्वात खेळ कसा लावायचा

नवख्या मंडळींना रोलप्लेइंगला, म्हणजे एकेक पात्र वठवत, फासे टाकत गोष्ट रचण्याच्या खेळाला बसवायचं असेल तर अधिकृत परवान्याचं विश्व घ्या, म्हणजे मूळ मालकाच्या परवानगीनं ज्यावर खेळ निघाला आहे असं. 'स्टार वॉर्स' हा सिनेमा म्हटला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या माडीवर फार काही समजावावं लागत नाही. लाइटसेबर ही प्रकाशाची तलवार ठाऊक, खलनायक व्हेडर ठाऊक. स्वतः रचलेल्या राज्याचा भूगोल सांगण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

वेस्ट एंड गेम्सनं १९८७ साली या विश्वाचा खेळ काढला, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर. त्याची माहितीपुस्तकं इतकी भरीव की पुढे 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या टिमथी झान यांना संदर्भासाठी तीच धाडली गेली. परवान्याच्या खेळाला जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठी.

आता मांडणी. सिनेमाचा नायक ल्यूक, त्याला हात लावू नका. सिनेमात न दिसलेला कोपरा निवडा: आडवळणी बंदर, जकात नाका, "हा कागद त्या हापिसातनं आणा" म्हणणारा कारकून. (आम्हा सीमाभागातल्यांना हा कारकून रंगवायला तयारी लागत नाही.) प्रत्येक खेळाडूला एवढंच विचारा, "तुझ्यावर कर्ज कुणाचं?" गोष्ट तिथूनच सुटते.

"सिनेमात असं नव्हतं" म्हणणारा एक असतोच. त्याला म्हणावं, बाबा रे, आपल्या टेबलावर असंच. तरी ऐकला नाही तर कुंद्याचा डबा त्याच्यापुढे सरकवा आणि फासे पुढच्याच्या हातात द्या.