टोकियोतली राईस प्लेट

२०२४च्या ऑक्टोबरात मी आणि वन्सं तीन आठवडे टोकियोत होतो. पुतण्या तिथल्या निशिकासाई भागात राहतो. तो सकाळी ऑफिसला गेला की दुपारचं जेवण आम्हा दोघींनी बाहेरच शोधायचं. परत आल्यापासून गिरगावात भेटेल तो एकच विचारतो, "तिकडे खाणं महाग ना हो?" नाही हो. शंभर येनला ५५-६० रुपये धरा. आम्ही दुपारी पोटभर जेवायचो ते ८००-९०० येनमध्ये, म्हणजे पाचशेच्या आसपास. फोर्टात एसीत बसलं तरी तेवढे होतातच.

तुम्ही शोधायची ती 'शोकुदो'. म्हणजे सरळ खानावळ. हमरस्त्यावर नाही, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. पाटी वाचता येणार नाही, तेव्हा दाराकडे बघा. आखूड कापडी पडदा बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू. त्याला 'नोरेन' म्हणतात. तो आत घेतला की बंद, मग काचेतून आतली माणसं दिसली तरी दार ढकलू नका. अशा बऱ्याच जागा दुपारी साडेअकराला उघडतात, दोनच्या सुमाराला पडदा आत जातो आणि पुन्हा पाचला बाहेर येतो. आपली दीड-दोनला जेवायची सवय तिथे नडते. आम्ही पहिले दोन दिवस अडीचला निघून कोरड्या बनवर काढले.

आत गेलात की बोटं दाखवून किती जण ते सांगा, आणि म्हणा, "हिगावारी तेइशोकु." हिगावारी म्हणजे आजचं, तेइशोकु म्हणजे राईस प्लेट. हे मिळालं तर मेन्यूकार्ड उघडूच नका. सकाळी बाजारात जे स्वस्त नि ताजं मिळालं तेच त्यात असतं, आणि सगळ्यांत लवकर पुढ्यात येतं. भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सार, चिमूटभर लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. मला पहिल्याच खेपेला 'साबा शिओयाकी' मिळाला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. नुसतं मीठ लावून भाजलेला, कातडी फुगून करपलेली, बाजूला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ओलसर गोळा. ना मसाला, ना कोकम. मनात म्हटलं, हे कसलं? मग मुळ्यावर दोन थेंब सोया सॉस टाकून तो माशाच्या तुकड्याबरोबर खाल्ला आणि तळलेल्या बांगड्याची आठवण निदान त्या दिवसापुरती तरी आली नाही. चमचा मागू नका. साराची वाटी उचलून सोलकढीसारखी तोंडाला लावायची. भातात जेवायच्या काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स, उभ्या खोचून ठेवू नका, तिकडे तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात.

भात कमी पडला तर "ओकावारी" म्हणा. पुष्कळ ठिकाणी दुसरा भात फुकट असतो, पण आधी विचारा. पाणीही फुकट, मात्र थंडीतसुद्धा बर्फ घालून. वन्संचा घसा धरला. "ओयु" म्हटलं की गरम पाणी येतं, हे त्यांनी चौथ्या दिवशी पाठ केलं आणि मग सगळीकडे मोठ्या दिमाखात मागितलं.

काही जागी दारातच कुपनाचं मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर द्या. इथे मी फजिती करून घेतली. त्या वर्षी ३ जुलैला जपानने नव्या नोटा काढल्या होत्या आणि त्या दुकानातलं जुनं मशीन माझी कोरी हजाराची नोट तीनदा बाहेर फेकत होतं. मागे ऑफिसातल्या माणसांची रांग. शेवटी मागच्या आजोबांनी स्वतःची जुनी नोट दिली आणि माझी नवी घेतली. घाईघाईत मी सगळ्यांत खालचं, सगळ्यांत स्वस्त बटण दाबलं. काउंटरवर आलं एक कच्चं अंडं. वाटीत. नुसतं. खालच्या बारीक बटणांत बहुधा असले वरखर्चाचे जिन्नस असतात. डावीकडचं सगळ्यांत वरचं बटण दाबायचं, तिथे सहसा त्या दुकानाची खास डिश असते. जवळ हजाराच्या नोटा आणि चिल्लर ठेवा, कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही.

घाईत असाल तर योशिनोया, मात्सुया, सुकिया ही साखळी दुकानं आहेत. भातावर गोमांस, पाचशे येनच्या आत-बाहेर. ज्यांना चालत नाही त्यांनी स्टेशनातला उभ्याउभ्या खायचा सोबा, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, बघावा. सुर्र आवाज करून खाल्लं तरी कोणी बघत नाही, उलट तसंच खातात.

आता शाकाहारी लोकांसाठी. वन्संचा गुरुवार, म्हणून मी मुद्दाम बघितलं. 'दाशी' हे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा सुक्या माशाचं. मिसोच्या सारात तेच, सोब्याच्या रश्शात तेच, गोडसर आम्लेटातही असतं. भाज्या दिसल्या म्हणून शाकाहारी समजू नका. गुरुवारी वन्संनी दुकानातली उमेबोशी घातलेली ओनिगिरी खाल्ली. आंबट-खारट प्लम भरलेला भाताचा गोळा. नाहीतर निशिकासाईतलं भारतीय हॉटेल. कट्टर शाकाहारी माणसाला शोकुदोत पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिल गल्ल्यावर जाऊन द्यायचं. टीप ठेवू नका, विसरलेले पैसे समजून मागे पळत येतात. उरलेलं पार्सल मागायची पद्धत नाही, म्हणून मागवताना बेताने मागवा.

संध्याकाळी पिण्याच्या ठिकाणी, इझाकायात, न मागता एक छोटी वाटी समोर येते. ती फुकट नसते. आमच्या बिलात माणशी चारशे येन लागले होते आणि वाटीत होतं चार घास थंड पालक. त्यानंतर रात्री आम्ही सुपरमार्केट धरलं. आठच्या सुमाराला एक पोरगा तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लावत फिरतो. तोवर चार-पाच बायका सोया सॉसच्या बाटल्या बघितल्यासारखं करत घुटमळत असतात, भाऊच्या धक्क्यावर बोली खाली यायची वाट बघावी तशा. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांत आम्ही दोघीही होतो.