मुलांना सेवाकार्यात सामील करताना या चुका टाळा

मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करण्याची पद्धत शहरांत आता चांगलीच रुळली आहे. पालकांचा हेतू निर्मळ असतो. पण केक, खाऊ आणि फोटो यांत संपणाऱ्या तासाभराच्या भेटीतून मूल एवढेच शिकते की आपण देणारे आणि समोरची मुले घेणारी. त्यातच परतीच्या वाटेवर 'बघ, तुला किती मिळते आणि त्यांना काहीच नाही' असे आपण ऐकवतो, तेव्हा त्याच्या मनात कृतज्ञतेऐवजी अपराधीपणा तरी उरतो किंवा 'बरे झाले, मी तिथे नाही' अशी सुटकेची भावना तरी. सगळ्या चुकांत मला हीच सर्वांत घातक वाटते. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणारी छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, हे फोटो काढणाऱ्या अनेकांना ठाऊकच नसते.

आपला रोजचा दिवस कोणाच्या कष्टांवर उभा आहे, हे मुलाला दिसले की कृतज्ञता आपोआप रुजू लागते. म्हणून कामाची सुरुवात दूरच्या संस्थेपासून न करता घरातल्या कचऱ्याच्या डब्यापासून करावी. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन कचरा गोळा करतात आणि तो हातांनी वेगळा करतात. दुधाची पिशवी धुऊन वाळवणे, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे, मोठ्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या फुटक्या काचेवर ठळक अक्षरांत 'काच' लिहिणे, ही कामे आठ वर्षांच्या मुलालाही जमतात. ती चुकली तर कोणाचा हात कापेल, हे त्याला शांतपणे सांगावे. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींशी त्याला स्वतः बोलू द्यावे. त्यांच्या कामाबद्दल त्या जे सांगतील, त्यापुढे आपली शिकवण फिकी आहे.

दुसरी चूक म्हणजे खरे काम मोठ्यांनी करायचे आणि मुलाच्या हाती फक्त फलक द्यायचा. गणेश विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करताना हे नेहमी दिसते. त्याऐवजी हातमोजे देऊन हारांतला दोरा, प्लॅस्टिक आणि फुले वेगळी करण्याचे काम मुलाकडे सोपवावे, आणि जमल्यास त्याच फुलांचे खत झाल्यावर ते त्याला दाखवावे. गाडगेबाबा गावात पोहोचले की आधी खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. आपण मात्र बहुतेकदा कीर्तनच आधी सुरू करतो.

कामाच्या मोबदल्यात बक्षीस किंवा चॉकलेट देऊ नये.

मुलाला किळस आली किंवा दोन आठवड्यांत कंटाळा आला, तर 'तुला काहीच वाटत नाही का?' असे म्हणून त्याला लाजवू नये. किळस स्वाभाविक आहे. त्याला पाणी भरून देण्याचे किंवा पोती मोजण्याचे काम द्यावे आणि घाणीचे काम त्याच्यादेखत आपण करावे. कंटाळा बहुधा काम फार लांबल्याने येतो, म्हणून महिन्यातून एकदा दिवसभर राबवण्यापेक्षा दर रविवारी अर्धा तास, त्याच ठिकाणी, त्याच माणसांसोबत काम करावे. तिथली माणसे त्याला नावाने हाक मारू लागली की येत्या रविवारी जायचे का, हे बहुधा तोच आपल्याला विचारू लागतो.