दख्खनच्या बेसॉल्टचं पुराचुंबकत्व मोजताय? या चुका टाळा

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे बारीक कण विपुल असतात. लाव्हा सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड होत गेला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. टायटॅनियम जास्त असेल तर हे तापमान आणखी खाली येतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ती दिशा आजही वाचता येते. दगडात टिकलेलं हे जुनं चुंबकत्व म्हणजेच पुराचुंबकत्व. मात्र भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे बरेच नमुने प्रयोगशाळेत पोचण्याआधीच वाया गेलेले असतात.

सर्वात महागात पडते ती जागेची निवड. डोंगराच्या माथ्यावरचा, पठाराच्या कडेचा उघडा खडक सुंदर दिसतो, चढायला सोपा असतो आणि विजाही तिथेच पडतात. वीज पडलेल्या दगडाचं चुंबकत्व नेहमीच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त भरतं आणि दिशा हातभर अंतरावर बदलते. तपासायची रीत सोपी आहे: होकायंत्र खडकालगत हळूहळू सरकवत न्या. सुई भरकटू लागली तर तिथून उठा. घाटरस्त्याचा ताजा छेद किंवा दगडखाण केव्हाही बरी. असे नमुने आधीच गोळा झाले असतील, तर प्रत्यावर्ती (उलटसुलट होत कमी होत जाणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राने ते निश्चुंबकित करून, म्हणजे वरवरचं चुंबकत्व पुसून पाहा. विजेचा ठसा बऱ्याचदा त्यात निघतो. तापवण्याने तो तितका स्वच्छ निघत नाही.

दुसरी चूक नमुन्याची दिशा नोंदवण्यातली. बेसॉल्ट स्वतःच सुई ओढतो, त्यामुळे शक्य तिथे सूर्य-होकायंत्र (सूर्याच्या सावलीवरून दिशा देणारं) वापरावं. इथे एक मजेदार खड्डा आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, पुणे मात्र ७४ अंशांच्या जरा अलीकडे आहे. म्हणजे पुण्याची सूर्यवेळ घड्याळाच्या जवळपास ३५ मिनिटं मागे असते, शिवाय ऋतूनुसार काही मिनिटांचा फरक पडतो तो वेगळाच. ही दुरुस्ती न करता गणित मांडलं तर सगळे नमुने एकाच बाजूला फिरतात. आकडे एकमेकांशी छान जुळतात, म्हणून शंकाही येत नाही. ड्रिलचं इंजिन, हातोडी आणि मोबाइल होकायंत्रापासून दूर ठेवायचं, हे सांगायला नकोच.

आता खास दख्खनची चूक. आज महाराष्ट्रात चुंबकीय सुई उत्तरेकडे आणि खाली झुकते, म्हणून नवशिक्या माणूस खाली झुकलेली दिशा पाहिली की ‘सरळ ध्रुवता’ (चुंबकीय ध्रुव आजच्यासारखेच) लिहून मोकळा होतो. पण लाव्हा ओतत होता तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. त्या काळची सरळ दिशा वायव्य-उत्तरेकडे आणि वर झुकलेली, तर उलट दिशा आग्नेय-दक्षिणेकडे आणि खाली झुकलेली. पश्चिम घाटाच्या जाडीचा बराच भाग उलट ध्रुवतेचा आहे, सरळ ध्रुवता महाबळेश्वरच्या वरच्या थरांत लागते. नुसती नती, म्हणजे दिशेचा वर-खाली झुकाव, पाहून ध्रुवता ठरवली तर हा सगळा क्रम उलटा होतो.

यात भर पडते आजच्या क्षेत्राची. गेल्या काही लाख वर्षांत दगडाने हलकासा नवा ठसा घेतलेला असतो, उत्तरेकडे आणि खाली. तो जुन्या आग्नेय-खालच्या दिशेत मिसळला की बेरीज खूपच खडी, मधलीच कुठली तरी येते. मग कोणी उत्साहाने ‘ध्रुव पलटतानाचा थर सापडला’ म्हणतं. असा दावा करण्याआधी नमुना टप्प्याटप्प्याने तापवा. नवा ठसा बहुतेकदा पहिल्या २००-२५० अंशांत उतरतो. उरलेल्या चुंबकत्वाचा आलेख मूळबिंदूकडे सरळ रेषेत जाईपर्यंत थांबायचं नाही. प्रत्येक टप्प्यानंतर चुंबकीय ग्रहणशीलताही (दगड किती सहज चुंबकित होतो ते) मोजा. ती एकदम वाढली तर भट्टीत नवं मॅग्नेटाइट तयार झालंय आणि पुढचे आकडे दगडाचे राहिलेले नाहीत.

थरांची मोजणीही फसवते. एका प्रवाहातून सहा-आठ गाभे (ड्रिलने काढलेले दंडगोल) घेतले तरी तो एकाच क्षणाचा एकच नमुना. पाहोहो (गुळगुळीत पृष्ठाच्या) लाव्हाचे एकावर एक फुगलेले लोब, म्हणजे जिभेसारखे फाटे, स्वतंत्र थर म्हणून मोजले, तर दहा आकडे दिसतात, पण त्यांमागचा काळ थोडाच असतो. क्षेत्राचे शतकानुशतकांचे चढउतार सरासरीत विरल्याशिवाय नतीवरून अक्षांश काढू नये. नती ४५ अंश असेल तर सूत्राने सुमारे २७ अंश अक्षांश येतो, पण सरासरी कच्ची असेल तर तो आकडा बिनकामाचा. दोन प्रवाहांमधली लाल माती पाहत चला, तिथे मध्ये काळ गेलेला असतो.

कोकणाकडे उतरताना आणखी एक गोष्ट. पनवेल फ्लेक्शर (थरांची वाक) म्हणतात त्या पट्ट्यात थर पश्चिमेकडे चांगलेच कललेले आहेत. तिथल्या प्रत्येक जागेचा कल मोजून दिशा मूळ आडव्या स्थितीला आणावी लागते. घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवे असल्याने ही सवय लागत नाही आणि नेमका पनवेलजवळच कल मोजायचा राहून जातो.